रात्रभर चार्जिंगला, तरी कासवर बॅटरी लाल

सप्टेंबर लागला की साताऱ्यात कॅमेऱ्यातलं थोडंफार कळणाऱ्या माणसाचा फोन वाजायला लागतो. तक्रार ठरलेली असते. कॅमेरा रात्रभर चार्जिंगला लावला होता, सकाळी यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत व्यवस्थित होता, कासच्या पठारावर पोचलो आणि तासाभरात बॅटरीचं चिन्ह लाल. त्यापुढचा प्रश्नही ठरलेला: नवी बॅटरी घेऊ का?

घ्या, पण सगळ्यात शेवटी. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याची बॅटरी मुळातच काड्यापेटीएवढी. ती भरायची तर भिंतीवरचा बोर्ड, चार्जरची डबी, वायर, कॅमेऱ्याची पिन आणि आतला चार्जिंगचा भाग एवढ्या सगळ्यांनी आपापलं काम करावं लागतं. भरल्यावर ती रिकामी करायला पुन्हा कॅमेऱ्यातली अर्धा डझन सेटिंगं टपलेली असतात. यातलं काहीही बिघडलं तरी स्क्रीनवर दिसतं एकच, लाल बॅटरी. त्यामुळे दोष बॅटरीवर जातो, नवी आणली जाते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच होतं. तक्रार वारंवार येते ती यामुळेच.

म्हणून आधी हे ठरवा की तुमचा कॅमेरा चार्ज होत नाही, की चार्ज होतो पण टिकत नाही. दोन्हींची औषधं अगदी वेगळी आहेत. आणि हे ठरवायचं सहलीच्या आदल्या रात्री नाही. त्या रात्री माणूस डबा भरत असतो, गाडीत पेट्रोल टाकत असतो, पोरांचे रेनकोट शोधत असतो. आधीच्या आठवड्यात एखाद्या दुपारी घरी बसून बघा. बॅटरी पूर्ण उतरवा, चार्जिंगला लावा आणि दिव्याकडे लक्ष ठेवा. साधारण साडेचार वॅट-अवरची (वॅट-अवर म्हणजे साठवलेल्या विजेचं माप) बॅटरी कॅमेऱ्यातूनच यूएसबीनं भरायला अडीच-तीन तास लागतात. दिवा वीस मिनिटांत विझला तर बॅटरी भरलेली नाही, कुठंतरी वाट तुटली आहे. दिवा लुकलुकत असेल तर कॅमेरा काहीतरी सांगतोय. सोनीच्या छोट्या कॅमेऱ्यांत लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ चार्जिंगमध्ये दोष आहे किंवा बॅटरी फार गरम वा फार गार आहे असा होतो. बाकी कंपन्यांच्या खुणा वेगळ्या असतील, त्या माहितीपुस्तिकेत मिळतात. पुस्तिका कपाटात पडलेली असते, आज काढा.

चार्जच होत नसेल तर

सर्वांत आधी वायर. मी सांगतो तेव्हा लोक हसतात, कारण वायर म्हणजे घरात पायलीला पन्नास पडलेली वस्तू. पण जुन्या कॅमेऱ्यांची बारकी पिन, म्हणजे मायक्रो यूएसबी, झिजते. तिच्या धातूच्या तोंडाला खालच्या बाजूनं दोन बारीक दात असतात, तेच तिला खाचेत धरून ठेवतात. ते बसले की पिन आत जाते पण पकड राहत नाही. टेबलावर कॅमेरा ठेवला की चालू, कोणाचा धक्का लागला की बंद. पिन घालून बोटानं हलकंच हलवून बघा. दिवा मिणमिणला तर वायर बदला आणि मग पुढं वाचा.

आता टाइप-सीचं. इथली एक गंमत खूप जणांना माहीत नसते आणि तिच्यापायी चांगल्या वस्तू परत केल्या जातात.

आमच्या शाहूपुरीत एक निवृत्त सर आहेत. मुलानं पुण्याहून त्यांना छोटा कॅमेरा आणि सोबत दोन बॅटऱ्या बसणारा वेगळा चार्जर पाठवला होता. एका संध्याकाळी सरांनी बोलावून घेतलं.

"अरे, हा चार्जर मेलाय बघ. दोनदा बदलून आणला. दुकानदार म्हणतो चालतोय, घरी आणला की बंद."

"सर, लावता कशाला?"

"ह्याला." सरांनी फोनची नवी डबी दाखवली. दोन्ही टोकांना सी-पिन असलेली वायर.

"आणि दुकानात त्यानं कशाला लावला होता?"

सर थोडा वेळ गप्प. "त्याच्याकडं जुनी डबी होती. मोठ्या चौकोनी पिनेची."

घरातलीच जुनी वायर काढली, एका टोकाला मोठी चौकोनी पिन, दुसऱ्याला सी. जुन्या डबीला लावली. दोन लाल दिवे लागले. सर म्हणाले, "म्हणजे तो खरं बोलत होता की." बिचारा दुकानदार!

झालं असं, की दोन्हीकडं सी-पिन असते तेव्हा नवी डबी लगेच वीज सोडत नाही. समोर खरंच चार्ज होणारं काही जोडलंय का, हे ती आधी तपासते. ही खूण पटवायला समोरच्या यंत्रात ५.१ किलोओहमचे दोन बारीक रोधक लागतात. स्वस्त चार्जरांत आणि इतर फुटकळ वस्तूंत ते वाचवलेले असतात. मग डबी वाट बघत राहते आणि चार्जर मेलेला वाटतो. मोठ्या चौकोनी पिनेची जुनी डबी असली चौकशी करत नाही, पिन लागली की पाच व्होल्ट देऊन मोकळी होते. म्हणून सहलीच्या पिशवीत चौकोनी-ते-सी अशी एक वायर कायम ठेवा. बऱ्याच नव्या फोनच्या डब्यात ती हल्ली येत नाही, पण शंभर-दोनशे रुपयांत कुठंही मिळते.

याच्या बरोबर उलटा आजारही असतो. कॅननच्या जी-सेव्हन-एक्स मार्क थ्रीला सी-पिन आहे, पण तो यूएसबीवरून चार्ज व्हायला पॉवर डिलिव्हरीवाली (पीडी, म्हणजे यंत्राशी ठरवून पाचापेक्षा जास्त व्होल्टही देणारी) डबी मागतो. साध्या पाच व्होल्टच्या डबीवर तो ढिम्म हलत नाही. पॉवर बँकेवरही पीडी असं लिहिलेलं असेल आणि वायर दोन्हीकडं सीची असेल तरच त्याचा दिवा लागतो. म्हणजे सरांच्या चार्जरला जी वायर चालत नव्हती, नेमकी तीच याला हवी. पिनेचा आकार सारखा, म्हणून सगळं सगळ्याला चालेल हा समज सोडलेला बरा.

यापुढची कारणं किरकोळ आहेत, पण रोज दिसतात. कॅमेरा चालू ठेवून चार्जिंगला लावला तर बरेचसे कॅमेरे त्या विजेवर नुसते चालतात, बॅटरी भरत नाहीत. बंद करूनच लावायचा. गाडीच्या टेपच्या यूएसबीला लावला तर जुन्या गाड्यांत तिथून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो. पुण्याहून साताऱ्यापर्यंतच्या प्रवासात तेवढ्यावर बॅटरी पूर्ण भरेलच असं नाही आणि माणूस समजतो गाडीतच भरून झाली. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारी वेगळी डबी घ्या, त्या वाटेनं काम होतं. उन्हात काचेखाली ठेवून मात्र चार्ज करू नका. बॅटरी तापली की कॅमेरा स्वतःच चार्जिंग थांबवतो, आणि थांबवलं नाही तर बॅटरीचं आयुष्य खातो.

व्होल्टेजचं निमित्त मात्र उगाच सांगितलं जातं. "तिकडं गावाकडं व्होल्टेज कमी असतंय" हे मी कित्येकदा ऐकलंय. कॅमेऱ्याची डबी १०० ते २४० व्होल्टवर चालते, तिच्यावर छापलेलंच असतं, भिंग घेऊन वाचा. बल्ब पिवळा पडेल, पंखा रेंगाळेल, पण डबी काम करत राहील. होम-स्टेमध्ये खरा घोळ वेगळाच होतो. खोलीत बोर्ड एक, माणसं आठ. रात्री कोणीतरी पाणी प्यायला उठतो, तुमची पिन काढतो, स्वतःचा फोन लावतो आणि झोपतो. याला तांत्रिक इलाज नाही. उशाशी पॉवर बँक घेऊन झोपा.

पॉवर बँकेची खोड

तक्रारींचा दुसरा मोठा गठ्ठा इथला. "रात्री पॉवर बँकेला लावला, सकाळी बघतो तर कॅमेरा अर्धाच आणि बँक भरलेली." बँक खराब नसते. तिला सवय फोनची, जो भरभरून वीज ओढतो. छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी भरत आली की ओढ कमी कमी होत जाते, आणि एका मर्यादेखाली गेली की बँकेला वाटतं समोर काहीच नाही. ती बंद पडते. काही कॅमेरे सुरुवातीपासूनच इतकी कमी वीज ओढतात की बँक मिनिटभरात डोळे मिटते.

बऱ्याच बँकांत कानातल्या इयरबडसाठी कमी विजेचा वेगळा मोड दिलेला असतो. बटण दोनदा दाबलं किंवा दाबून धरलं की तो चालू होतो, प्रत्येकीची तऱ्हा निराळी. नसेल तर सोपा तोडगा: त्याच बँकेच्या दुसऱ्या भोकात फोन लावा. फोन ओढत राहतो, बँक जागी राहते, कॅमेरा मागच्या बाकावर बसून भरून निघतो.

बँक किती मोठी घ्यायची, याचा हिशोब करून टाकू. दहा हजार एमएएचची बँक म्हणजे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टनं ३७ वॅट-अवर. पाच व्होल्टला चढवताना आणि पुन्हा बॅटरीत उतरवताना तिसरा हिस्सा तरी उष्णतेत जातो. हातात राहतात चोवीस-पंचवीस. सोनी आरएक्स-हंड्रेड मालिकेची एनपी-बीएक्स-वन बॅटरी ४.५ वॅट-अवरची, कॅननच्या जी-सेव्हन-एक्सची एनबी-थर्टीन-एलही तेवढीच. म्हणजे दहा हजारी बँकेतून कॅमेरा पाचेक वेळा भरतो. बामणोलीला दोन रात्री राहणाऱ्याला एवढं भरपूर झालं. वीस हजारी वीट कशाला वाहायची, ते ज्याचं त्याला ठाऊक. विमानानं येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायच्या, आणि त्याही १०० वॅट-अवरच्या आतल्या. चेक-इनला द्यायच्या बॅगेत ठेवल्या तर विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

भरतो, पण टिकत नाही

दिवा नीट लागतो, तीन तासांनी विझतो, घरी शंभर टक्के दाखवतो आणि कासला आडवा होतो. तर मग आधी अपेक्षा तपासा.

खोक्यावर किंवा जाहिरातीत "एका चार्जमध्ये इतके फोटो" असा जो आकडा असतो तो सीपा या जपानी संघटनेच्या ठरावीक चाचणीतून येतो. दर तीस सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फोटोला फ्लॅश, मधे झूम पुढंमागं, दहा फोटोंनी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू, आणि खोलीचं तापमान तेवीस अंशांच्या आसपास. यातून रिको जीआर-थ्रीला साधारण २००, जी-सेव्हन-एक्स मार्क थ्रीला साधारण २३५, आरएक्स-हंड्रेडच्या सातव्या आवृत्तीला साधारण २६० आणि ऑलिंपस टीजी-सिक्सला साधारण ३४० फोटो मिळतात. आकडे चांगले दिसतात. पण पठारावर माणूस असा फोटो काढतच नाही.

तिथं काय होतं ते बघा. धुकं आलेलं असतं. गेंदाच्या पांढऱ्या बोंडांमागं सीतेची आसवं या फुलांचा जांभळा पट्टा दिसतोय, पण उजेड मेलेला. कॅमेरा चालू ठेवून माणूस धुकं सरकायची वाट बघतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. स्क्रीन पेटलेली, लेन्स बाहेर, फोकस आपला सतत पुढंमागं चाचपडतोय. ऊन पडतं, फोटो निघतो एक. सीपाच्या हिशोबात एक फोटो गेला, बॅटरीच्या हिशोबात वीस गेले. वर ऊन आलं की स्क्रीन दिसत नाही म्हणून उजेड सर्वात वर नेला जातो, सोनीत त्याला सनी वेदर म्हणतात. मग घरी परत येईपर्यंत तो तसाच राहतो.

इलाज सरळ आहे. आपोआप बंद व्हायची वेळ एक मिनिटावर आणा. वाट बघताना कॅमेरा बंदच करा, चालू व्हायला दोन सेकंद लागतात आणि धुकं काही दोन सेकंदांत पळत नाही. बटण न दाबताही फोकस शोधत राहण्याची सोय, म्हणजे सोनीत प्री-एएफ आणि कॅननमध्ये कंटिन्युअस एएफ, फुलांसाठी बंद ठेवा. तेरडा कुठं पळून जात नाही. व्हिडिओ फोर-केमध्ये काढायचा असेल तर बॅटरी वेगळी धरा. त्यात छोटा कॅमेरा तापतोही, आणि तापून बंद पडतो तेव्हा लोक पुन्हा बॅटरीच्याच नावानं शंख करतात.

पण माझ्या मते इकडच्या तक्रारींतला खरा चोर ब्लूटूथ आहे. नवा कॅमेरा पहिल्याच दिवशी फोनला जोडला जातो, फोटो पटकन स्टेटसला टाकता यावेत म्हणून. काही कॅमेऱ्यांत ती जोडणी कॅमेरा बंद असतानाही अर्धवट जागी राहते. रात्री शंभर टक्के करून पिशवीत ठेवलेला कॅमेरा सकाळी ऐंशीवर का, याचं उत्तर बहुतेकदा इथं सापडतं. मेन्यूत विमान मोड असेल तर तो लावा आणि फोटो पाठवायचे तेव्हाच काढा. तसंही पठारावर आणि बामणोलीच्या बाजूला रेंजचा भरवसा नसतो. स्टेटस साताऱ्यात उतरल्यावर टाकलं तरी फुलं तीच दिसतात.

ऑलिंपस टीजी-फाइव्ह आणि टीजी-सिक्सवाल्यांसाठी खास: वरच्या अंगाला जीपीएसची नोंद चालू करणारी लॉगची छोटी कळ आहे. ती सरकलेली राहिली तर कॅमेरा बंद असला तरी आतला जीपीएस उपग्रह शोधत, वाट नोंदवत बसतो. पिशवीत ठेवताना रुमालाला घासूनही ती सरकते. या कॅमेऱ्याची बॅटरी "आपोआप" उतरत असेल तर बाकी काही बघण्याआधी ती कळ बघा.

एवढं सगळं करूनही टिकत नसेल, तर आता बॅटरीकडं या. म्हातारी बॅटरी ओळखायच्या खुणा आहेत. टक्केवारी हळूहळू न उतरता चाळीसवरून एकदम पाचवर येते. चालू करताना लेन्स बाहेर यायला लागते आणि मधेच सगळं विझतं, कारण लेन्सची मोटर एकदम जास्त वीज मागते आणि थकलेल्या बॅटरीचा दाब तेवढ्यानं कोसळतो. असं झालं की बाहेर अडकलेली लेन्स हातानं आत दाबू नका. भरलेली बॅटरी घालून कॅमेरा चालू-बंद करा, ती आपली आपण आत जाते. हातानं दाबून गिअर मोडलेले कॅमेरे दुरुस्तीला आले की खर्च ऐकून मालकच गप्प होतो.

बॅटरी बदलायच्या आधी तिची सोनेरी टोकं मात्र पुसून घ्या. पावसाळ्यात त्यांच्यावर पुसट थर बसतो. स्वच्छ सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घ्या, बॅटरीची टोकं पुसा, आणि कॅमेऱ्याच्या आतली टोकं कापूस लावलेल्या काडीनं हलक्या हातानं. तिथलं मधलं एखादं टोक तापमान कळवण्यासाठीही असतं. तेच मळलं तर कॅमेरा बॅटरी नाकारतो किंवा चार्जिंग मधेच सोडतो.

डुप्लिकेट बॅटरीबद्दल माझं मत सौम्य आहे. नावाजलेल्या सुट्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांची घेतली तर राखीव म्हणून चालते. पण त्याच काड्यापेटीएवढ्या मापात ओरिजिनल १२४० एमएएच भरते आणि दुसऱ्या कुठल्या नावाची २००० असल्याचं सांगते, तर ही जास्तीची वीज ठेवली कुठं, हे विचारा. आकडा जितका मोठा तितका माल हलका, असाच माझा अनुभव. दोन ओरिजिनल घेणं परवडत नसेल तर एक ओरिजिनल, एक बरी डुप्लिकेट. डुप्लिकेट सकाळी वापरा, ओरिजिनल दुपारसाठी ठेवा. म्हणजे दगा बसायचा तो साताऱ्याला परत फिरता येईल अशा वेळी तरी बसेल.

आणि थंडीचं कारण? कासची सप्टेंबरातली हवा बॅटरी आखडवण्याइतकी गार नसते. डिसेंबरात शिवसागर जलाशयाच्या काठावर तंबू टाकला आणि पहाटे वासोटा किल्ल्याच्या बोटीसाठी उठलात, तर तेव्हा फरक जाणवतो. सुटी बॅटरी रात्री झोपायच्या पिशवीत अंगाशी ठेवायची आणि सकाळी आतल्या खिशात. थंडीनं लाल झालेली बॅटरी हातात धरून गरम केली तर पुन्हा थोडी चालते, तेवढ्यात दोन-चार फोटो होतात. वासोट्याला जाताना हेही ध्यानात घ्या की बामणोलीतून बोट सुटली की संध्याकाळी परत येईपर्यंत भिंत नाही, बोर्ड नाही, काही नाही. जे चार्ज करायचं ते आदल्या रात्री. चाळकेवाडीला डोक्यावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात आणि खाली आपण चहाच्या टपरीवर बोर्ड शोधत फिरतो, हा साताऱ्याचा आपला वेगळाच विनोद.

ओला झाला तर

ठोसेघरच्या तुषारांत किंवा पठारावरच्या झिमझिमीत कॅमेरा ओला होणारच. चार्जिंगच्या भोकात ओल असताना पिन घालायची नाही, एवढा एकच नियम पाळा. फोन ओल कळवतो आणि चार्जिंग थांबवतो, छोटे कॅमेरे सहसा ती सोय देत नाहीत. टोकांवर हिरवट गंज चढला की पुढं कुठलीच वायर कामाची राहत नाही. कॅमेरा बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, सगळी झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली रात्रभर ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, कोंडा भोकात जातो. टीजीसारखा पंधरा मीटर खोल पाण्यात चालणारा कॅमेरा असेल तरी झाकण उघडण्याआधी बाहेरून कोरडा पुसा. तो जलरोधक आहे ते झाकण बंद असेपर्यंतच.

अजून घेतलाच नसेल तर

मग तुम्ही सुदैवी, निम्मी भांडणं दुकानातच मिटवता येतील. लोक झूम किती आणि मेगापिक्सेल किती हे विचारतात. चार्जिंगचं कोणी विचारत नाही. मी आधी तेच विचारेन: पिन कुठली, साध्या पाच व्होल्टवर चार्ज होतो का, बाहेर काढून चार्ज करायचा चार्जर खोक्यात आहे की वेगळा घ्यावा लागेल, आणि बॅटरी आणखी दोन-चार वर्षं मिळेल का. आरएक्स-हंड्रेडची सातवी आवृत्ती अजून बारक्या पिनेवर आहे, टीजी-सिक्सही. टीजी-सेव्हन आणि जीआर-थ्री सी-पिनवर. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून डिजिटल कॅमेऱ्यांसकट छोट्या यंत्रांना सी-पिन सक्तीची केली, त्यामुळे यापुढं निघणाऱ्या नव्या मॉडेलांत बारकी पिन भेटणं अवघड. सेकंडहँड बाजारात मात्र तीच भरलेली आहे. सेकंडहँड घेताना हातातली वायर सोबत न्या आणि विकणाऱ्यासमोर दिवा लावून बघा.

हे झाल्यावर फोटोचं. आपल्याकडच्या फुलांना झूमपेक्षा जवळून फोकस होणं जास्त लागतं. सीतेची आसवं, दवबिंदू ही बोटाच्या पेराएवढी नाजूक मंडळी. टीजीची लेन्स एक सेंटिमीटरवर फोकस करते, त्याला तोड नाही. पण त्याचा सेन्सर लहान, फोनच्या जातीचा, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात चित्र दाणेदार होतं. जी-सेव्हन-एक्स पाच सेंटिमीटरवर, जीआर-थ्री मॅक्रोत (जवळून टिपायच्या मोडमध्ये) सहावर, आरएक्स-हंड्रेडची सातवी सुमारे आठवर, तेही झूम न करता. यांचे सेन्सर मोठे, चित्र सरस. पण यांतला एकही पावसासाठी बनवलेला नाही. पायवाट सोडून फुलांत शिरायचं नाही हे धरलं, तर वाटेपासून हातभर आत असलेल्या फुलासाठी थोडं झूमही लागतं. तिथं आरएक्स-हंड्रेडचं २४ ते २०० मिलिमीटर उपयोगी पडतं आणि जीआरची एकाच जागी खिळलेली २८ मिलिमीटर हात टेकते. माझ्यापुरता निकाल असा: पावसाळ्यात कास, ठोसेघर, वजराई एवढंच फिरणार असाल आणि पोरंबाळं सोबत असतील तर टीजी. वर्षभर सज्जनगडापासून राजस्थानपर्यंत सगळीकडं न्यायचा असेल आणि सांभाळायची सवय असेल तर आरएक्स-हंड्रेड, पण दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घेऊन. जीआर गल्लीबोळ आणि माणसं टिपणाऱ्यांचा, राजवाड्यासमोर संध्याकाळी घेऊन उभं राहावं असा. पक्ष्यांसाठी यातला कुठलाच घेऊ नका.

टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. तिच्या वर्षी तरी हा सगळा उपद्व्याप आधी उरकून जा.

हंगाम संपल्यावर

ऑक्टोबरनंतर कॅमेरा कपाटात जातो तो थेट पुढच्या पावसाळ्यात निघतो, आणि मग "गेल्या वर्षी चांगला होता" ही तक्रार येते. बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका. निम्म्याच्या आसपास ठेवा, कॅमेऱ्यातून बाहेर काढा, टोकांवर झाकण घाला, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा निम्म्यावर आणा. अगदी उतरलेली बॅटरी महिनोन्महिने पडली की तिच्या आतलं संरक्षण तिला कायमची बंद करतं, मग चार्जर तिला ओळखतही नाही. कॅमेरा चालू केल्यावर दर वेळी तारीख विचारतो तेव्हा आतली घड्याळाची छोटी बॅटरी उतरलेली असते. ती मुख्य बॅटरीवरून भरते, म्हणून भरलेली मुख्य बॅटरी घालून दिवसभर ठेवा, बहुतेकदा प्रश्न सुटतो. कॅमेरा स्वतः सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. महाबळेश्वर, पाचगणी, सातारा या पट्ट्यातल्या दमट हवेत चामड्याच्या पाकिटात कोंडलेल्या लेन्सवर बुरशी चढते.

बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे टेबलावर ठेवून ती डुगडुगली किंवा कप्प्यातून निघायला त्रास द्यायला लागली, तर ती पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, टोचायची नाही, घंटागाडीतही टाकायची नाही. कचरा दाबताना ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या कंपनीच्या सेवा केंद्रात द्या किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडं, तोवर टोकांना चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात, गॅसच्या ओट्यापासून लांब.